स्टॉकहोमच्या जुन्या खानावळीत जेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॉकहोममध्ये 'ऐतिहासिक' पाटी लावलेली बरीच रेस्टॉरंट दिसतात. खरोखर जुनं आणि स्वीडिश जेवण देणारं कोणतं?

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर गामला स्तान या जुन्या शहरातलं 'डेन युल्डेने फ्रेडेन'. ते ओस्तरलोंगगातान या गल्लीत 1722 पासून आहे. नावाचा अर्थ 'सोनेरी शांतता'. रशियाबरोबरचं एकवीस वर्षांचं युद्ध 1721 च्या निस्टाडच्या तहाने संपलं, त्यावरून हे नाव पडलं. त्या तहात स्वीडनने बाल्टिकपलीकडचे मोठाले प्रांत गमावले होते. तरीही तहाला सोनेरी म्हटलं, यावरून लोक युद्धाला किती विटले होते ते कळतं. अठराव्या शतकातला कवी-गायक कार्ल मिकाएल बेलमान याचं नाव या जागेशी कायमचं जोडलं गेलं आहे. चित्रकार अँडर्स झोर्न यांनी 1919 मध्ये ही वास्तू विकत घेतली. पुढच्याच वर्षी ते वारले आणि वास्तू स्वीडिश अकादमीकडे गेली. साहित्याचं नोबेल ठरवणारी अकादमी ती हीच. तिची साप्ताहिक बैठक गुरुवारी असते आणि बैठकीनंतर सदस्य इथेच जेवतात.

दुसरं नाव ऑपेराकेलारेन. त्याचा इतिहास 1787 पासूनचा आहे, पण तो थाटमाट आणि खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. त्याच इमारतीत 'बाकफिकान' नावाची चिंचोळी जागा आहे. नावाचा अर्थ पँटचा मागचा खिसा. तिथे टेबल राखून ठेवायची पद्धत नाही, काउंटरलगत बसून घरगुती पदार्थ खायचे. जेवणाच्या ऐन वेळेच्या अर्धा तास आधी गेलात तर जागा मिळते. पैशाच्या मानाने आमची पसंती या खिशाला. सॉडरमाल्म भागातलं 'पेलिकान' उंच छताचं, गजबजलेलं, बिअर हॉलच्या वळणाचं आहे. मित्रमंडळींसोबत जायला ते बरं.

मेनूवर 'हुस्मान्सकोस्त' लिहिलेलं असतं. हा पदार्थ आहे का?

पदार्थ नव्हे, प्रकार. हुस्मान म्हणजे स्वतःची शेती नसलेला, झोपडीवजा घरात राहणारा साधा माणूस, आणि कोस्त म्हणजे आहार. आपण 'घरगुती जेवण' म्हणतो तसं. बटाटा, खारवलेला मासा, डुकराचं मांस, वाटाणा, कोबी, लोणी, साय आणि रानातली आंबट फळं यांवर हा स्वयंपाक उभा आहे. मसाला म्हणाल तर पांढरी मिरी, ऑलस्पाइस, तमालपत्र आणि शेपू. हो, आपला शेपू! ज्या घरात शेपूच्या भाजीचं नाव काढलं की पोरं ताटावरून उठतात, त्या घरातल्या मंडळींनी आधीच मनाची तयारी ठेवावी. बटाट्यावर शेपू, माशावर शेपू, सॉसमध्येही शेपू. मात्र इथे तो कोवळा आणि कच्चा भुरभुरवतात, त्यामुळे शिजलेल्या भाजीचा उग्रपणा त्याला नसतो.

तिखटाची अपेक्षा ठेवून गेलात तर जेवण मिळमिळीत वाटेल. चव आंबट, गोड, खारट आणि स्निग्ध यांच्या तोलात असते. तोल साधणारे पदार्थ ताटाच्या कडेला असतात. ते बाजूला सारले की मग 'काहीच चव नाही' अशी तक्रार होते.

टेबल किती आधी राखून ठेवावं?

मंगळवार ते गुरुवार असेल तर साधारण आठवडाभर आधी, शुक्रवार-शनिवारसाठी दोन-तीन आठवडे आधी. नाताळाच्या मेजवानीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पाहायला लागा. रविवारी अनेक जुनी ठिकाणं बंद असतात. जुलैत तर अख्खा देश सुट्टीवर जातो, तेव्हा काही स्वयंपाकघरं तीन-चार आठवडे कुलूपबंद असतात. जूनमधल्या मिडसमर या सणाच्या शुक्रवारी-शनिवारी शहर ओस पडतं. प्रवासाचं तिकीट काढण्याआधी रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर सुट्ट्या पाहून घ्या.

बुकिंगच्या वेळी कार्डाचा तपशील मागतात. न कळवता गैरहजर राहिलात तर माणशी दंड कापला जातो. टेबल बहुधा दोन तासांसाठी असतं, आणि सहाची वेळ म्हणजे सहाच. पंधरा मिनिटं उशीर झाला तर टेबल दुसऱ्याला जातं. 'ट्रॅफिक होतं' हे कारण भुयारी रेल्वेच्या शहरात कुणाला पटत नाही. फ्रेडेनसाठी गामला स्तान स्थानकावर उतरा. तिथून चालत जायचं, आणि वाट दगडी फरसबंदीची आहे. हिवाळ्यात ती निसरडी असते, गुळगुळीत तळाचे चामडी बूट घालू नका.

गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं म्हणतात. त्यासाठी मुद्दाम गुरुवारी जावं का?

जरूर, पण दुपारी. 'एर्टसोप्पा ओक पानकाकोर', म्हणजे पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि मागून धिरडी, हा स्वीडनचा गुरुवारचा ठरलेला बेत आहे. शाळेत, सैन्यात, कचेरीच्या कँटीनमध्ये सगळीकडे तोच. कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवायची रीत पडली असं सांगतात. आपल्याकडे गुरुवार दत्ताचा आणि अनेक घरांत मांसाहार वर्ज्य. इथे नेमका त्याच दिवशी सूपमध्ये डुकराचं मांस असतं. गुरुवार पाळणाऱ्यांनी आठवणीत ठेवावं.

सूप कसं असावं? अख्खे वाळवलेले पिवळे वाटाणे रात्रभर भिजवून, खारवलेल्या मांसाबरोबर दीड-दोन तास मंद शिजवलेले. थोडे फुटलेले, थोडे अख्खे. चमचा उभा राहील इतकं घट्ट नको आणि पाणी वेगळं होईल इतकं पातळही नको. वरून थाइम किंवा मार्जोरम. ताटलीच्या काठावर मोहरीचा पिवळाजर्द गोळा येतो. तो सगळा एकदम सूपमध्ये ढवळू नका. चमच्याच्या टोकाला थोडा घेऊन मग सूप भरा, म्हणजे प्रत्येक घासाला मोहरीचा झणका वेगळा लागतो. नंतरच्या धिरड्यांत अंडं असतं. ती पातळ असतात आणि जॅम व फेटलेल्या सायीबरोबर खातात.

सोबत कोमट 'पुन्श' देतात. जावामधली अराक, साखर आणि पाणी यांचं हे गोड मद्य आहे. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी 1731 मध्ये निघाली आणि अठराव्या शतकात तिच्या जहाजांतून अराक येऊ लागली. 'पंच' या पेयाचं नाव पाच घटकांवरून, आपल्या 'पंच' शब्दावरून आलं, असं अनेक कोशकार मानतात. तेव्हा पेला हातात आला तर शब्द तरी ओळखीचा निघेल.

बीफ आणि पोर्क खात नाही. मीटबॉल चालतील का?

बहुतेक ठिकाणी नाहीत. नवी मुंबईच्या आयकियात मिळणारे चिकनचे किंवा भाज्यांचे गोळे भारतासाठी बनवलेले आहेत. स्वीडनमधले 'शॉतबुल्लार' (लिहिताना 'क'ने सुरू होतात, पण उच्चार 'श' होतो) बहुधा गाय आणि डुक्कर यांच्या मिश्र खिम्याचे असतात. काही ठिकाणी हरणाच्या किंवा एल्कच्या मांसाचे मिळतात, पण त्यांतही चरबीसाठी डुकराचं मांस मिसळतात, म्हणून विचारून घ्या. सॉसही गोमांसाच्या रश्श्यावर असतो.

तीन शब्द पाठ करा. 'नोतशॉत' म्हणजे गोमांस, 'फ्लेस्क' म्हणजे डुक्कर, 'काल्व' म्हणजे वासरू. 'वालेनबेर्यारे' हा साय आणि अंड्याचे बलक घातलेला मऊ कटलेटसारखा पदार्थ वासराच्या मांसाचा असतो. नावावरून ते मुळीच लक्षात येत नाही. कोबीच्या पानात गुंडाळलेले 'कोलदोल्मार' आपल्या पातोळ्यांसारखे निरागस दिसतात, पण आत खिमा असतो. पुण्याच्या चिंचवड-दापोडी पट्ट्यातल्या स्वीडिश कंपन्यांकडून कामासाठी इकडे येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी यजमान प्रेमाने मीटबॉल खिलवतात. बुकिंगच्या वेळीच कळवलं तर त्यांचाही अवघडलेपणा टळतो. सुरक्षित पर्याय म्हणजे मासा: तळलेली 'स्त्रॉमिंग', सामन किंवा कॉड.

शाकाहारी माणसाने जावं का?

जावं, पण आधी कळवून. इथे शाकाहारात अंडं धरलेलं असतं आणि रेनेट (वासराच्या जठरातून मिळणारं विरजण) वापरलेलं चीजही चालतं. अंडं चालत नसेल तर वेगळं सांगा. 'वेगन' म्हणालात तर दूध-लोणीही जाईल आणि ताटात फारसं काही उरणार नाही. कांदा-बटाटा न खाणाऱ्यांनी हा बेत सोडून द्यावा. बटाट्याशिवाय हे स्वयंपाकघर चालत नाही.

फसवणारे पदार्थ ओळखून ठेवा. 'यान्सोन्स फ्रेस्तेल्से' म्हणजे साय घालून भाजलेल्या बटाट्याच्या काड्या, दिसायला पूर्ण शाकाहारी. पण थरांमध्ये मसाल्यात मुरवलेले छोटे मासे असतात. वाटाण्याच्या सूपमधलं मांस काढून दिलं तरी वाटाणे त्याच रश्श्यात शिजलेले असतात. 'रागमुंक' ही किसलेल्या बटाट्याची धिरडी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकतात. ती लोण्यात करून मागा.

खरी मेजवानी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते: लोण्यात परतलेल्या शांतरेल अळंब्या आणि खाली भाजलेला पाव. एरवी वेस्तरबोत्तेन चीजचा 'पाय' (इंग्रजीतला pie) मागा. हे चीज किमान 14 महिने मुरवतात. गोडात 'उस्तकाका' घ्या. यात काका म्हणजे केक. दूध फाडून, बदाम घालून भाजलेला हा प्रकार खरवसाच्या चाहत्यांना आवडेल. कोमट असतानाच, आंबट-गोड जॅमबरोबर खावा.

लोणच्यातला हेरिंग मासा कच्चा असतो का? त्याचं काय करायचं?

शिजवलेला नसतो, पण ताजा कच्चाही नसतो. आधी मिठात मुरवून, पाण्यात भिजवून खारटपणा काढून, मग व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात ठेवलेला असतो. नाव 'इनलाग्द सिल'. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला मासा. बाल्टिक समुद्रात काल्मारच्या उत्तरेला धरलेल्या हेरिंगला 'स्त्रॉमिंग' म्हणतात आणि दक्षिण-पश्चिमेकडच्या मोठ्या, चरबीदार माशाला 'सिल'. मासा तोच, पाणी बदललं की नाव बदलतं.

मेनूवर 'एस.ओ.एस.' दिसलं तर घाबरू नका. लोणी, चीज आणि सिल या तीन शब्दांची ती स्वीडिश आद्याक्षरं आहेत. कुरकुरीत राय ब्रेडला लोणी फासायचं, वर चीजचा काप, सोबत उकडलेला गरम बटाटा आणि सिलचा तुकडा. मासा थंड, बटाटा गरम. तो फरक हीच त्यातली मजा आहे. नुसता मासा तोंडात टाकणाऱ्याला पहिला घास विचित्र गोड लागतो आणि तो तिथेच थांबतो. सुरुवात मोहरीच्या सॉसमधल्या सिलने करा, साध्या व्हिनेगरच्या नंतर घ्या.

ग्रावाद लाक्स खाणं सुरक्षित आहे का?

चांगल्या स्वयंपाकघरात हो. सामनच्या मांसल बाजूला मीठ आणि साखर जवळजवळ समप्रमाणात, भरड पांढरी मिरी आणि भरपूर शेपू लावून सुमारे 48 तास थंड जागी दाबून ठेवतात. मीठ-साखर पाणी ओढून घेते, मांस घट्ट आणि अर्धपारदर्शक होतं. यात कृमी मात्र मरत नाहीत, म्हणून रानटी मासा आधी उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवावा असा युरोपीय नियम आहे. नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या माशाला त्यातून सूट मिळते. गरोदर स्त्रियांनी मात्र हा पदार्थ टाळावा. थंड जागी वाढणाऱ्या लिस्टेरिया जिवाणूचा धोका गोठवल्याने जात नाही.

मीटबॉलबरोबर जॅम? हे गोड-तिखट कसं काय?

ते जॅम नव्हे. 'रोरोर्दा लिंगोन' म्हणजे न शिजवता साखरेत घोटलेली लाल रानबोरं, करवंदासारखी आंबट-तुरट. काम तेच, जे आपल्या ताटात लोणच्याचं आणि कोशिंबिरीचं. सायीचा सॉस, लोणी घातलेला बटाट्याचा लगदा आणि खिमा मिळून जीभ तुपकट होते. लिंगोन आणि दाबलेल्या काकडीची 'प्रेसगुर्का' ती धुऊन काढतात. काट्यावर थोडा बटाटा, अर्धा गोळा आणि टोकाला दोन-तीन बोरं असा घास बांधा. शेवटी सगळं कालवू नका, लगदा गुलाबी होतो आणि आंबटपणा विरून जातो.

टोस्ट स्कागेन इतका महाग का?

टोस्टवरच्या कोळंबीमुळे नव्हे, तिच्यावरच्या केशरी गाबोळीमुळे. बाल्टिकच्या अगदी उत्तर टोकाला कालिक्सच्या किनाऱ्यावर शरदात काही आठवडेच ही छोट्या माशांची गाबोळी काढतात. 2010 पासून तिला युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे. हा टोस्ट तोरे व्रेटमान या प्रसिद्ध शेफचा, 1950 च्या दशकातला. म्हणजे खानावळ तीनशे वर्षांची असली तरी हा पदार्थ तसा तरुणच.

नाताळाच्या 'यूलबूर्ड'ला बुफेसारखं सगळं एकदम वाढून घेतलं तर चालतं का?

कुणी हटकणार नाही, पण जेवणाचा विचका होईल. नोव्हेंबरअखेरपासून नाताळापर्यंत ही मेजवानी असते आणि तिला क्रम आहे. पहिल्या फेरीत फक्त हेरिंग, बटाटा, राय ब्रेड. दुसरीत सामन आणि बाकीचे थंड मासे, अंडी. तिसरीत थंड मांस, नाताळाचं हॅम, 'पाते' (वाटलेल्या मांसाची वडी). चौथीत गरम पदार्थ: मीटबॉल, छोटे सॉसेज, यान्सोन्स. मग चीज आणि शेवटी गोड. दर फेरीला नवी बशी घ्यायची, वापरलेली टेबलावरच ठेवायची. सिलचं व्हिनेगर मीटबॉलच्या सॉसमध्ये उतरलं की दोन्ही वाया, म्हणून हा क्रम. नेहमीची चूक पहिल्याच फेरीत होते: सिलचे आठ प्रकार दिसतात, आठही घेतले जातात आणि तिसऱ्या फेरीला पोट हात जोडतं. दोन प्रकार पुरेत.

स्नाप्स नाकारणं उद्धटपणाचं ठरतं का?

नाही. पाण्याचा पेला उचललात तरी चालतं. महत्त्व नजरेला आहे: पेला छातीच्या उंचीवर, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून 'स्कोल', घोट, आणि पेला खाली ठेवण्याआधी पुन्हा नजरभेट. औपचारिक टेबलावर पेले एकमेकांवर आपटत नाहीत. शहाजिरं किंवा शेपूच्या वासाचं हे मद्य किमान 37.5 टक्के अल्कोहोलचं असतं आणि सेंटीलिटरवर मागायचं असतं. चार पुरे, सहाच्या भानगडीत उपाशीपोटी पडू नका. 1955 पर्यंत देशात दारूचं रेशनिंग होतं आणि रेस्टॉरंटमध्ये जेवण मागवल्याशिवाय कडक मद्य मिळत नसे.

लहान मुलं, म्हातारी माणसं, कपडे?

मुलांसाठी उंच खुर्ची आणि कमी वाढलेलं ताट मिळतं. अडचण जिन्यांची आहे. फ्रेडेनची आकर्षक दालनं विटांच्या कमानींच्या तळघरात आहेत. गुडघे दुखत असतील किंवा चाकाची खुर्ची असेल तर बुकिंगच्या वेळीच वरच्या मजल्याचं टेबल मागा. नीटनेटका शर्ट आणि पँट, साडी किंवा कुर्ता, सगळं चालतं. जाडजूड कोट टेबलापाशी आणायचा नसतो, दाराशी ठेवायचा. काही ठिकाणी त्याचे थोडे पैसे घेतात.

खर्च किती, आणि टिप?

ढोबळमानाने संध्याकाळी मुख्य पदार्थ 250 ते 400 क्रोनर. कामाच्या दिवशी दुपारचं 'दागेन्स' म्हणजे आजचं जेवण बरंच स्वस्त, आणि अनेक ठिकाणी त्यात पाव, लोणी, कोशिंबीर, कॉफी धरलेली असते. 'क्रानवात्तेन' म्हणजे नळाचं पाणी मागा. ते उत्तम असतं आणि बहुधा फुकट. नुसतं 'वॉटर' म्हणालात तर बाटली येईल आणि बिलात दिसेल.

कर आणि सेवा किमतीत आलेली असते. संध्याकाळच्या चांगल्या सेवेला पाच ते दहा टक्के दिले तर पुष्कळ, दुपारी काहीच नाही दिलं तरी कुणी वाईट मानत नाही. गडबड कार्डाच्या यंत्रावर होते. यंत्र अनेकदा टिपसह एकूण रक्कम विचारतं. बिल 840 असेल आणि 900 द्यायचे असतील तर 900 टाइप करायचं. फक्त 60 टाकलं की व्यवहार अडतो आणि मागची रांग पाहत राहते. रुपयांत की क्रोनरमध्ये असं विचारलं तर क्रोनर निवडा, नाहीतर महागडा विनिमय दर लागतो. अनेक ठिकाणी रोख घेतच नाहीत. भारतीय कार्डावर परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून ठेवा.

ती दाबलेली काकडी घरी करता येईल का? इथल्या व्हिनेगरने बिघडते.

बिघडते, कारण स्वीडिश प्रमाण तिथल्या 12 टक्के व्हिनेगरसाठी आहे: एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. आपल्याकडचं व्हिनेगर साधारण चार टक्क्यांचं असतं. त्याच मापाने केलं तर आंबटपणा एक तृतीयांश उरतो आणि हाती पाक येतो. म्हणून तीन वाट्या व्हिनेगर, दोन वाट्या साखर आणि एकच वाटी पाणी घ्या. साखर विरघळेपर्यंत गरम करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. कोमट ओतलं तर काकडी मऊ पडते. काकडीचे कागदासारखे पातळ काप मीठ लावून बशीखाली वजन ठेवून अर्धा तास दाबा, सुटलेलं पाणी पिळून टाका. मग पांढरी मिरी, चिरलेली पार्सली आणि काकडी बुडेल इतकंच ते आंबट-गोड पाणी. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कुरकुरीतपणा जातो, तेव्हा लागेल तेवढीच करा. उरलेलं पाणी बरणीत आठवडाभर टिकतं.